वजा बाजूला शून्य

२१ मे २०२५, बुधवार

काल दुपारी कल्याण पूर्वेला सप्तशृंगी इमारतीचा स्लॅब पडला. चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चाललं होतं. तिथला स्लॅब सुटला आणि खालच्या घरांना घेऊन तळाशी आला. सहा माणसं गेली.

आमच्या घरात आज सकाळपासून सगळ्यांच्या नजरा छताकडे. ही ओट्यापाशी उभी राहून मोरीच्या वरचा कोपरा बघत होती; तिथे गेल्या पावसाळ्यापासून पोपडे सुटतायत. आमची इमारत बदलापूर पूर्वेची, १९९४ सालची, तळमजला अधिक तीन. सोसायटीच्या उपविधीत साफ लिहिलेलं आहे: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, तिशी उलटलेल्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा. आमची तिशी उलटली. वार्षिक सभेत विषय निघाला तेव्हा ‘पावसाळा जाऊ दे, मग बघू’ म्हणून पुढे ढकलला गेला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. कोणाकडे मुलीचं लग्न, कोणाकडे नवऱ्याचं ऑपरेशन, कोणाची नोकरी नुकती सुटलेली. सगळी कारणं खरी होती, म्हणूनच कोणी कोणाला अडवलं नाही.

२४ मे, शनिवार

उल्हासनगरला माझ्या जुन्या सोबत्याकडे जाऊन आलो. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आम्ही दोघं तपासणी विभागात होतो. तो सिंधी, कॅम्प चारमध्ये वाढलेला. फाळणीनंतर त्याचे वडील आले तेव्हा दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकीत त्यांना एक खोली मिळाली होती. कल्याणजवळच्या त्या छावणीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी पायाशिला बसवून उल्हासनगर नाव दिलं. नाव आलं, पण घरं होती तेवढीच राहिली. बराकीत दोन कुटुंबांच्या मध्ये गोणपाटाचा पडदा असे, असं त्याची आई सांगायची. मग मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, पुढच्या अंगणात पत्रा पडला, पत्र्याखाली शिलाई मशिन आली, पत्र्याच्या जागी विटा आल्या.

त्या पहिल्या सवलतीबद्दल मला आजही कोणाला दोष द्यावासा वाटत नाही. घरदार सोडून आलेल्या माणसाला अंगणात चार हात जागा घेऊ देणं हे शहाण्या सरकारचं काम आहे. ते कागदावर आणलं असतं, तर पुढचं बरंचसं टळलं असतं. ‘इतकी जागा, इतकी उंची, याच्या पुढे नाही’ असं कोणी लिहून दिलं नाही. नुसतं बघून न बघितल्यासारखं केलं गेलं, आणि मग त्याच अंगणावर पाच मजले उभे राहिले तरी न बघण्याची सवय मोडली नाही.

जेवण झाल्यावर सोबती मला गच्चीवर घेऊन गेला. जिन्याच्या डोक्याशी दोन हात लांब-रुंद चौकोन आहे, आजूबाजूच्या कोब्यापेक्षा वेगळ्या रंगाचा.

“हे नव्वदच्या दशकातलं,” तो म्हणाला. “कारवाईवाले आले, भोक पाडलं, फोटो काढला, गेले. पंधरा दिवसांत बिल्डरने बुजवलं. आम्ही पण गप्प. पैसे भरून बसलेलो ना यार, जाणार कुठे?”

“सळ्या कापल्या होत्या?”

“कापल्या असतील.”

“परत जोडल्या का?”

“तेव्हा तू पण इन्स्पेक्शनला होतास, मी पण होतो. कोणी बघितलं?”

आठ मिलिमीटरच्या सळीला जोड द्यायचा तर नवी सळी जुनीवर निदान सव्वा फूट चढायला हवी, तरच ताण एकीतून दुसरीत जातो. दोन हातांच्या भोकात हे नीट करायचं तर कडेचं आणखी काँक्रीट फोडून सळ्या उघड्या कराव्या लागतात. घाईत बुजवणारा ते करत नाही. २०२१ च्या मे महिन्यात याच शहरात पंधरा दिवसांच्या आत दोन स्लॅब कोसळले, मोहिनी पॅलेसचा आणि साई शक्तीचा. तेव्हा हा भोकं पाडण्याचा आणि बुजवण्याचा इतिहास पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आला होता. त्या काळात वापरलेल्या निकृष्ट उल्वा रेतीचं नावही तेव्हाच घरोघरी झालं.

पाडायची तर इमारत पाडायची, राहू द्यायची तर नीट मजबूत करून राहू द्यायची. भोक पाडून सोडणं यात कायदाही पाळला गेला नाही आणि दयाही झाली नाही. राहणाऱ्याला मात्र वाटत राहिलं की आपल्याला सोडलं.

२६ मे, सोमवार

पाऊस आलासुद्धा. मुंबईत मान्सून २६ मेला पोचणं म्हणजे आजवरच्या नोंदींतलं सगळ्यात लवकरचं आगमन, असं हवामान खात्याने सांगितलं. मुंबईत पाणी तुंबलं, गाड्या रखडल्या.

धाकटी परळच्या कचेरीत वेळेवर पोचली नाही. तिच्याकडे साडेनऊचा ठोका, वर दहा मिनिटांची सूट, तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. रात्री ती फोनवर वरिष्ठांशी बोलत होती, मराठी-हिंदी-इंग्रजी सगळं मिसळून. मधेच म्हणाली, “सर, प्लीज, कट मी सम स्लॅक.” फोन ठेवल्यावर हिने विचारलं, “काय कापायला सांगत होतीस गं?”

“कापायला नाही आई. थोडं सैल सोडा म्हणत होते.”

दोरीची ढील मी कामावर बघत आलेलो, त्यामुळे मला तिचं बोलणं ऐकून क्रेनच आठवली. कारखान्यात जड जॉब उचलताना स्लिंगमध्ये ढील असेल तर रिगर आधी ती सावकाश काढून घेई. दोर ताठ झाला, तोल बघितला, मगच वजन जमिनीवरून सुटे. ढील तशीच ठेवून क्रेनने एकदम ओढलं तर झटका बसतो, आणि झटक्याचा जोर जॉबच्या वजनाहून कितीतरी जास्त असतो. टनाचा जॉब सहज पेलणारा दोर तिथे तुटतो. आणि वजन खाली टेकवताना याच्या उलट: टेकल्यावर ढील दिलीच पाहिजे, नाहीतर हूक निघत नाही. ढील कधी द्यायची आणि कधी काढायची, हे त्या माणसाला हातातून कळायचं. तो हूक सोडवून बाजूला होईपर्यंत आम्ही सगळे लांब उभे.

२८ मे, बुधवार

साई शक्तीला आज चार वर्षं झाली. वरचा स्लॅब खालच्यांना घेऊन आला होता, सात माणसं गेली होती. सोबत्याच्या ओळखीतलं एक घर त्यात होतं. त्याला फोन केला. फार बोलला नाही.

उल्हासनगरचा प्रश्न कोर्टात वीस वर्षांपूर्वीच पोचला होता. मुंबई उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडायला सांगितलं. एवढी माणसं रस्त्यावर आणायची कशी, म्हणून राज्य सरकारने २००६ मध्ये फक्त या एका शहरासाठी अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. दंड भरा, कागद द्या, इमारत नियमित करून घ्या. एका शहरासाठी वेगळा कायदा ही केवढी मोठी सवलत. तरी पुढच्या वर्षांत अगदी थोड्या इमारतींनी ती घेतली. जमीन कोणाची याचा कागद नाही, नकाशा नाही, दंडाचा आकडा मोठा, आणि रहिवाशांत एकमत नाही. शिवाय ज्याला कोणी हात लावत नाही तो सवलतीसाठी रांगेत कशाला उभा राहील? पुढे संपूर्ण राज्यासाठी ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांची अशीच योजना आली. तारीख पुढे सरकते हे लोकांना कळलं, की आजचं बांधकाम उद्याच्या तारखेच्या भरवशावर उभं राहतं.

आमच्या कामात सवलत कागदावरच असे, हे मला या सगळ्यात पुन्हा पुन्हा आठवतं. पंचवीस मिलिमीटरचं भोक पाडायचं असेल तर ड्रॉइंगवर नुसतं पंचवीस लिहीत नाहीत, कारण अचूक पंचवीस जगात कोणालाच जमत नाही. ‘एच-सात’ लिहिलं की अर्थ ठरलेला: अधिक बाजूला एकवीस मायक्रॉन, वजा बाजूला शून्य. भोक २५.००० ते २५.०२१ मध्ये कुठेही चालेल, पण २५ च्या खाली एक मायक्रॉनही चालणार नाही. त्यात बसणाऱ्या शाफ्टला ‘जी-सहा’ दिलं तर तो २४.९८० ते २४.९९३ चा. दोघांनी आपापली सूट पूर्ण वापरली तरी शाफ्ट फिरणारच, असा तो हिशेब. तपासायला गो-नोगो गेज: गोची बाजू आत गेली पाहिजे, नोगोची जाता कामा नये. मशिनवरच्या माणसाला यात अपमान वाटत नसे. उलट, आपल्याला किती मोकळीक आहे हे त्याला नेमकं माहीत असे, आणि तेवढ्यात तो निवांत काम करी.

कधी एखादा लॉट मापाबाहेर जाई. तेव्हा सुपरवायझर म्हणे, “साहेब, डेव्हिएशनमध्ये घ्या.” घेतही असू. पण त्याला कागद लागे: कुठलं माप, किती बाहेर, किती नग, कुठे वापरणार, आणि खाली डिझाइनवाल्याची सही. त्याने सही केली म्हणजे त्याने जबाबदारी घेतली. शंभर नगांची नोट एकशे एकाव्या नगाला चालत नसे. माणसाला सांभाळून घेण्याची याहून सभ्य पद्धत मी बघितली नाही. मागणाऱ्याने उघड मागायचं, देणाऱ्याने उघड द्यायचं, आणि दोघांची नावं कागदावर राहायची.

९ जून, सोमवार

सकाळी मुंब्र्याच्या वळणावर विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. तेरा जण पडले, चार दगावले. धाकटीचा फोन लागेपर्यंत हिने देवापाशी दिवा लावला होता आणि मी गॅलरीत उभा होतो. ती त्याआधीच्या गाडीत होती. पोचल्याचा मेसेज तिने केला होता, तो आमच्यापर्यंत आलाच नव्हता.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात आहे. दोन रुळांमध्ये अंतर किती ठेवायचं हे रेल्वेच्या मापांच्या तक्त्यात ठरलेलं असतं. लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद. तो चालताना डुलणार, वळणावर आतल्या बाजूला कलणार, डब्याचा मधला भाग वळणाच्या आत सरकणार, हे सगळं मोजून मग मोकळी जागा सोडलेली असते. वळणावर ती जास्त ठेवतात. म्हणजे तिथेही ढील आहे आणि ती हिशेबाने दिलेली आहे. पण ती डब्यासाठी आहे. दाराबाहेर निघालेली पाठ आणि पाठीवरची सॅक त्या हिशेबात कधी नव्हती. डब्यात जागा मिळाली नाही म्हणून माणसाने ती ढील आपल्या अंगाने भरून काढली. रेल्वेच्या भाषेत चौरस मीटरमागे चौदा ते सोळा उभे प्रवासी म्हणजे अतिघन गर्दी, आणि आमच्या मार्गावर ती रोजची झालेली आहे.

आज संध्याकाळपर्यंत बातमी आली की यापुढच्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील, आहेत त्यांनाही बसवणार. दारं बंद होतील तेव्हा बाहेर राहिलेल्या माणसांनी कुठल्या गाडीने जायचं, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. हिने खालच्या मजल्यावरच्या काकूंबरोबर वडाला सूत गुंडाळलं. धाकटी रोजच्यासारखी सातच्या सुमाराला गेली. दारात उभी राहू नकोस एवढंच मी म्हणालो. ती म्हणाली, “बाबा, मी उभी राहत नाही, मला उभं करतात.”

लेटमार्कबद्दल आज राग आला. बदलापूर ते सीएसएमटी अडुसष्ट किलोमीटर. अंबरनाथच्या बायका बसायला मिळावं म्हणून आधी उलट बदलापूरला येतात, इथल्या बायका चढायच्या आत खिडक्या धरलेल्या असतात, त्यावरून रोज वाद. आपल्याच दोन गावांतल्या बायका एका आसनासाठी एकमेकींशी भांडतात, आणि ज्याच्या हातात कचेरीची वेळ आहे तो दहा मिनिटं सोडत नाही. त्या दहा मिनिटांसाठी माणूस चालत्या गाडीची दांडी पकडतो.

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांचा जुना नियम मला या बाबतीत आवडतो. उशिराच्या प्रत्येक दिवसाला अर्धी नैमित्तिक रजा कापायची. पण एका तासापर्यंतचा उशीर, महिन्यातून दोनदापर्यंत, पटण्यासारखं कारण असेल तर वरिष्ठाने माफ करावा. दोनदा, एक तास, कारण, आणि माफ करणाऱ्याचा अधिकार. आमच्या डेव्हिएशन नोटसारखंच. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हाही शनिवार दिला आणि रोजचं पाऊण तास काम वाढवलं. मुंबईत पावणेदहा ते सव्वासहा. उघड दिलं, उघड घेतलं.

मध्य रेल्वे गेली काही वर्षं कचेऱ्यांना पत्रं लिहिते आहे की वेळा पुढेमागे करा, सगळे एकाच तासात येऊ नका. स्वतःच्या मुख्यालयात तिने २०२३ मध्ये दोन वेळांची सोय केली. कालच्या अपघातानंतर तेच आवाहन पुन्हा होईल. पण ही ढील देऊ शकतो तो मालक, आणि त्याचं तर आज काहीच अडलेलं नाही. त्याच्यापुरतं सगळं वेळेवर चाललंय. बदलापूरकरांनी एकदा गलका करून बघितला होता: ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाडीच्या जागी एसी लोकल आल्यावर स्टेशनात लोक जमले, आणि मध्य रेल्वेने त्या वेळी वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. स्टेशनात जमता येतं. साडेनऊच्या ठोक्यासमोर कुठे जमायचं?

१६ जून, सोमवार

शाळा सुरू झाल्या. जिन्यात दप्तरं, रेनकोट, नव्या बुटांचा वास. पुढे ढकललेल्या ऑडिटसाठी शेवटी इंजिनिअर येऊन गेला. हातोडीने ठोकून बघितलं, गच्चीवर पोकळ आवाज आलेल्या जागा खडूने आखल्या.

२२ जून, रविवार

सकाळी पश्चिमेला नदीकडे गेलो. उल्हास भरून वाहते आहे. हेंद्रेपाड्याच्या बाजूला लोक गाड्या उंचावर लावून ठेवतात, पावसाळाभर. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस याच नदीच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. त्या दिवशी दोन हजार पाचचा पूर पाहिलेले म्हातारेसुद्धा गप्प झाले होते.

नदीच्या कडेने नकाशावर दोन रेषा आहेत. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोहोंच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी. या रेषा बदला, आत सरकवा, अशी मागणी इथे बराच काळ आहे. मागणाऱ्यांत नुसते बिल्डर नाहीत. ज्यांच्या जुन्या इमारती रेषा आखायच्या आधीच उभ्या होत्या त्यांचा पुनर्विकास अडलाय. स्लॅब गळतो, बँक कर्ज देत नाही, विकायला काढलं तर गिऱ्हाईक फिरकत नाही. चहाच्या टपरीवर असा एक जण भेटला. “आम्हाला थोडी सूट द्या ना काका, आम्ही कुठे नदीत टॉवर मागतोय,” म्हणाला.

मला त्याचं पटलं, आणि रेषा सरकवणंही पटलं नाही. रेषा आहे तिथेच असावी आणि सूट त्या माणसाला मिळावी: वरच्या बाजूला जागा, हस्तांतरणीय विकास हक्क, तळमजला मोकळा ठेवून बांधायची मुभा, भाड्याची मदत. रेषा दहा मीटर आत घेतली तर ती सगळ्यांसाठी सरकते. त्याच्या जुन्या इमारतीबरोबर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरचे चौदा मजलेही रेषेबाहेर येतात. मागतो हा, आणि मिळतं भलत्यालाच.

२९ जून, रविवार

इंजिनिअरचा अहवाल आला. इमारत सी-दोन-बी: न सोडता, राहूनच मोठी दुरुस्ती करायची. मोरीच्या वरच्या भागात आणि गच्चीच्या स्लॅबमध्ये सळ्यांवरचं काँक्रीट काही ठिकाणी जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर. आमच्या काळच्या साध्या स्लॅबलाही पंधरा हवं होतं.

आता लागू असलेलं भारतीय मानक ४५६ काढून वाचलं. सळीवरच्या आवरणाबद्दल त्यात लिहिलेलं आहे: ठरल्यापेक्षा दहा मिलिमीटरपर्यंत जास्त चालेल, कमी मुळीच नाही. अधिक दहा, वजा शून्य. बसल्याजागी मला आमची पंचवीसची भोकं आठवली. किती सूट द्यायची याच्या आधी ती कुठल्या बाजूला द्यायची हे ठरवलेलं आहे. आवरण जास्त झालं तर थोडं काँक्रीट वाया जाईल. कमी झालं तर हवा आणि पाणी सळीपर्यंत पोचेल, सळी गंजून फुगेल, स्लॅब आतून फुटेल, आणि तो खाली झोपलेल्या माणसावर पडेल.

इंजिनिअर दुसरंही एक बोलला, ते मी लिहून ठेवतो. स्लॅब आखताना येणारं वजन दीडपट धरतात, काँक्रीटची ताकद दीडने भागून धरतात. ही शिल्लक सगळ्यांना ऐकून माहीत असते. रेती बरी नसली तरी चालेल, सुरक्षेसाठी धरलेलं असतंच, असं ठेकेदार म्हणतो. पाणी थोडं जास्त घातलं तर चालेल, असं मिस्त्री म्हणतो. जुन्या फरशीवर नवी बसवली तर काय झालं, असं राहणारा म्हणतो. मसाल्यासकट नव्या फरशीचं वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या घरात जातं, आणि घरातली माणसं, कपाट, पलंग सगळ्यासाठी मिळून हिशेबात दोनशे धरलेले असतात. गच्चीवर गळतीसाठी कोब्यावर कोबा चढतो. एकच शिल्लक, आणि तिच्यातून चौघं जण एकमेकांना न विचारता खर्च करतात. प्रत्येक जण म्हणतो मी थोडंच घेतलं, आणि खरंच थोडंच घेतलेलं असतं.

कल्याणच्या त्या चौथ्या मजल्यावरही फरशीचंच काम चालू होतं.

१३ जुलै, रविवार

सोसायटीची विशेष सभा झाली. गच्चीवर पत्र्याखाली, पाऊस पडत असताना. सगळी घरं आली, भाडेकरूसुद्धा.

दुरुस्तीचा खर्च घरटी जो निघतो तो आमच्यातल्या निम्म्यांना एकदम देणं शक्य नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एकट्या, पेन्शन तुटपुंजी. मागच्या सभेपर्यंतची रीत म्हणजे त्यांच्याकडे कोणी मागायचं नाही आणि त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. त्यामुळे काकू सभेला यायच्याच बंद झाल्या होत्या. आज मी त्यांना आधीच घरी जाऊन विचारलं होतं, आणि त्यांच्याच संमतीने ठराव लिहिला: चोवीस हप्ते, व्याज नाही, पहिला हप्ता दिवाळीनंतर, सोसायटीच्या निधीतून तोवर भरणा. अशीच मुभा आणखी तीन घरांनी मागितली, तीही कारण आणि मुदत लिहून दिली. काकू उठून म्हणाल्या, “माझं नाव ठरावात घाला. मला फुकट नको होतं, वेळ हवा होता.”

तिसऱ्या मजल्यावरच्याला जुन्या फरशीवर नवी फरशी बसवायची होती. मुलाचं लग्न डिसेंबरात. सामान येऊन पडलंय. नाही म्हणालो. तो चिडला. “काकूंना दोन वर्षं देता, मला एक परवानगी देत नाही? सोसायटी सगळ्यांना सारखी पाहिजे.” त्याच्या बाजूनेही दोघं-तिघं बोलले. मी अहवालाचं पान वाचून दाखवलं, त्याच्या खाली कोणाचं घर आहे ते सांगितलं, आणि खालच्या घरातल्या बाईंना विचारलं की तुम्ही यावर सही करता का. त्या काही बोलल्या नाहीत, मांडीवरच्या पोराला थोपटत राहिल्या. शेवटी ठरलं की जुनी फरशी आधी काढायची, हाताने, ब्रेकर न लावता, इंजिनिअर हजर असताना. काढायच्या मजुरीत सोसायटी अर्धा वाटा देईल. तो अजून घुश्शात आहे. लग्नाला बोलावेल की नाही ठाऊक नाही.

आणखी एक ठराव धाकटीने मांडला: कामाचे दिवस ठरवताना पाणी बंद ठेवायची वेळ सकाळी साडेसातनंतरची असावी, म्हणजे गाडी धरणाऱ्यांचं पाणी भरून होईल. एकमताने मंजूर.

रात्री सोबत्याचा उल्हासनगरहून फोन आला. आमच्या सभेचं सगळं विचारून घेतलं, मग इंजिनिअरचा नंबर मागितला. गच्चीवरचा तो चौकोन उघडून आत सळ्या आहेत का बघायचं त्याने मनावर घेतलंय. त्याच्या इमारतीत सोळा घरं. नऊ तयार आहेत. उरलेल्यांना भीती वाटते की तपासणी केली आणि कागदावर आलं, तर नोटीस येईल आणि घर जाईल. “तू ये,” म्हणाला, “मी त्यांच्यातलाच, माझं ऐकत नाहीत. तू आकडे सांग.” शनिवारी जातो. अहवालाची एक प्रत, मानकातलं ते पान आणि हप्त्यांचा ठराव बरोबर नेतो.